ऑप्टिकल इमेजिंग-सेन्सिंगचं सामाईक प्रशिक्षण: बेळगाव भागातल्या पदव्युत्तर मुलांसाठी आराखडा हवा आहे

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातली मुलं एम.एस्सी. फिजिक्स, एम.टेक. इलेक्ट्रॉनिक्स, बायोटेक, एम.डी. असं सगळं शिकतात, पण प्रकाशावर चालणारं एकही उपकरण एकत्र बसून उभं करत नाहीत. फिजिक्सवाल्याला व्यतिकरणाचं गणित पाठ असतं, पण कॅमेऱ्याचा गेन (प्रकाशाने सुटलेल्या एका इलेक्ट्रॉनमागे कॅमेरा किती काउंट, म्हणजे आकडा, दाखवतो ते) कसा मोजायचा हे विचारलं की तो थांबतो. इलेक्ट्रॉनिक्सवाला फोटोडायोडचा ॲम्प्लिफायर नीट बांधतो, पण त्वचेखाली प्रकाश किती विखुरतो याचा त्याला अंदाज नसतो. डॉक्टर मुलांना खरा प्रश्न माहीत असतो, पण उपकरणाच्या पोटात काय बिघडू शकतं हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

डोक्यात आहे ते असं: १६ आठवडे, आठवड्याला दोन दुपारी, १२ मुलं, तिघातिघांचे चार गट, एका गटात एकाच शाखेचे दोघे नकोत. चार शाखांचे चार पेपर शिकवायचे नाहीत. उगम, नमुना, भिंगं, डिटेक्टर, आकडेमोड, निर्णय ही एकच साखळी सगळ्यांनी मिळून उभी करायची आणि प्रत्येक टप्प्यावरचा आकडा त्याच्या अनिश्चिततेसकट पुढच्याच्या हातात द्यायचा. ± नसलेला आकडा पुढच्याने घ्यायचाच नाही.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. पहिल्या महिन्यात काय करून घ्यावं, इथल्या इथे काय बनवून मिळेल, आणि प्रकल्पांसाठी आपल्याच भागातले कोणते प्रश्न घ्यावेत. मापांसकट लिहिलंत तर थेट वापरता येईल.

प्रकाशवाट

चांगला धागा. पहिला महिना कॅमेऱ्याला द्या. सगळ्या शाखांचा पाय तिथेच घसरतो, कारण कॅमेरा सगळ्यांना आधीपासून येतो असं वाटत असतं.

रास्पबेरी पायचा ८ मेगापिक्सेलचा, आयएमएक्स२१९ सेन्सरचा कॅमेरा पुरतो. पिक्सेल १.१२ मायक्रॉनचा. पहिला नियम: जेपेग बंद, ऑटो एक्स्पोजर बंद, ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, फक्त रॉ (सेन्सरचे प्रक्रिया न केलेले आकडे). जेपेगमध्ये गामा लागलेला असतो, म्हणजे प्रकाश दुप्पट केला तरी आकडा दुप्पट होत नाही. रॉमध्ये हा सेन्सर १० बिटचे आकडे देतो आणि पूर्ण अंधारातही ६४च्या आसपास दाखवतो. ती काळी पातळी वजा केल्याशिवाय कुठलंही गुणोत्तर काढू नये. मुलं हे विसरतात, आणि मग अंधुक भागातलं गुणोत्तरच सगळ्यात जास्त बिघडतं.

मग गेन मोजायचा. एलईडीला स्थिर करंट द्या आणि अर्धा तास तापू द्या, नाहीतर तिचा प्रकाशच सरकत राहतो. पुढे दुधी ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा. एक्स्पोजरच्या दहा-बारा पायऱ्या घ्या, प्रत्येक पायरीवर लागोपाठ दोन फ्रेम. दोन्ही फ्रेम वजा करून फरकाचं व्हेरिअन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढा आणि त्याला २ने भागा. वजाबाकी अशासाठी की पिक्सेल-पिक्सेलमधला कायमचा फरक त्यात निघून जातो आणि फक्त फोटॉनची गोंगाटी उरते. आडवी सरासरी (काळी पातळी वजा केलेली), उभं व्हेरिअन्स. सरळ रेष आली पाहिजे. तिचा उतार म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे किती काउंट. वर जाऊन रेष एकदम कोसळली तर पिक्सेल भरले. खालपासूनच वाकडी आली तर कुठेतरी गामा किंवा नॉइज रिडक्शन चालू आहे.

एक खाच आहे. रंगीत सेन्सरवर शेजारच्या पिक्सेलांवरून भरून काढलेला रंग वापरला तर व्हेरिअन्स खोटं कमी येतं. फक्त मूळचे हिरवे पिक्सेल वेगळे काढून तेच वापरा.

कॅमेऱ्यानंतर भिंगं. ४० पट, ०.६५ एनएचं (न्यूमरिकल ॲपर्चर, भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं त्याचं माप) ऑब्जेक्टिव्ह, ५५० नॅनोमीटर प्रकाश: ०.६१ गुणिले ०.५५ भागिले ०.६५, म्हणजे साधारण ०.५२ मायक्रॉनचं विभेदन. सेन्सरवर ते ४० पट, म्हणजे २०.६ मायक्रॉन. एवढ्यात दोन पिक्सेल बसले की झालं, म्हणजे १० मायक्रॉनचा पिक्सेलही चालतो. ‘जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा लावला की जास्त बारीक दिसेल’ हा समज या एका गणिताने जातो. आणि हो, रास्पबेरीच्या कॅमेऱ्याचं मूळ भिंग काढून सेन्सर मायक्रोस्कोपला लावला तर कडांना रंग फिरतो, कारण त्यावरची सूक्ष्मभिंगं अगदी जवळच्या छोट्या भिंगासाठी कोन देऊन बसवलेली असतात. त्याला फ्लॅट-फील्ड दुरुस्ती हवीच: नमुन्यातून अंधार वजा, कोऱ्या काचेतूनही अंधार वजा, मग भागाकार.

ओतशाळा

सामानाबद्दल लिहितो. ऑप्टिकल ब्रेडबोर्ड (भिंगं-आरसे बसवायची भोकांची प्लेट) बाहेरून मागवायची गरजच नाही, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठलाही व्हीएमसीवाला (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन असलेला) करून देईल. ३०० × ४५० मिलिमीटर, १२ जाडीची ॲल्युमिनियम प्लेट, एम६ आटे, २५ मिलिमीटर पिच. पिचला ±०.१ भरपूर झालं, पण सपाटपणा मागून घ्या. प्रत्येक भोकाला काउंटरसिंक पाहिजेच. आट्याची बर (कापताना उरलेली धातूची कड) वर आली की पोस्ट तिरकी बसते आणि मुलं दुपारभर आरसे फिरवत राहतात. परदेशी जुनं सामान मिळालं तर त्यावर पाव इंच-२० आटे असण्याची दाट शक्यता. एम६चा स्क्रू त्यात दोन फेरे जातो आणि मग आटे खातो. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा आणि झाकणावर रंग लावा.

ॲनोडायझिंग केल्यावर आटे घट्ट होतात, पुन्हा टॅप फिरवावा लागतो. ॲल्युमिनियमच्या आट्यांना सततची उघडझाप सोसत नाही, म्हणून जास्त वापराच्या भोकांना आधीच हेलिकॉइल (पोलादी तारेचं आट्याचं अस्तर) घाला.

आता महत्त्वाचं. काळं ॲनोडायझिंग डोळ्याला काळं दिसतं, पण नेहमीचा काळा रंग साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढे प्रकाश शोषत नाही. ८५० किंवा ९४०च्या एलईडीला ती प्लेट चक्क चमकते. सेन्सरवर ‘कुठून तरी’ सिग्नल येतोय म्हटलं की बहुतेक तोच असतो. नियर-इन्फ्रारेड कामाला आतून कार्बनयुक्त मॅट काळा रंग लावा आणि लावण्याआधी त्याच एलईडीखाली इन्फ्रारेड फिल्टर काढलेल्या वेबकॅमने बघून घ्या.

इंटरफेरोमीटर करणार असाल तर बीडाची प्लेट ओतून घ्या, हे आपल्या गावचं बळ आहे. खालून रिब दिलेलं ग्रे आयर्न, रफ मशीनिंगनंतर ५५० अंशांच्या आसपास स्ट्रेस रिलीव्हिंग, भट्टीतच सावकाश थंड, आणि मग फिनिश. स्ट्रेस रिलीव्हिंग वाचवलं तर प्लेट सहा महिन्यांत वळते. फायदा दुहेरी. बीड कंपन लवकर जिरवतं, आणि तापमानाने कमी वाढतं: ३०० मिलिमीटर ॲल्युमिनियम ५ अंशांना ३५ मायक्रॉनच्या आसपास वाढतं, बीड त्याच्या निम्मं. खाली स्कूटरच्या अर्धवट हवा भरलेल्या ट्यूबा ठेवा. पंखा बंद करा. रस्त्यावरच्या ट्रकपेक्षा पंख्याच्या वाऱ्यानेच पट्ट्या जास्त हलतात.

चिकोडीकर_एमएस्सी

वाखू (वाचनखूण) साठवली. मी बायोटेकचा. आमच्याकडे फुरियर (सिग्नल वारंवारतांत फोडायचं गणित) वगैरे शिकवत नाहीत. आधी गणिताचा वेगळा वर्ग घेतला नाही तर आम्ही मागे पडणार नाही का?

प्रकाशवाट

@चिकोडीकर, वेगळा वर्ग नको, टेबलावरच येतं. ६३२.८ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेसर रुंद करून समांतर करा, पुढे बारीक जाळीचं कापड किंवा पितळेची चाळणी धरा, धागे साधारण पाव मिलिमीटरवर. त्यानंतर २०० मिलिमीटरचं भिंग. त्याच्या नाभीप्रतलात ठिपक्यांची चौकट दिसते आणि ठिपक्यांमधलं अंतर ०.५ मिलिमीटर येतं: तरंगलांबी गुणिले नाभीअंतर भागिले जाळीचं अंतर. मोजून बघा. मग आणखी एक २०० मिलिमीटरचं भिंग लावून जाळीची प्रतिमा भिंतीवर घ्या आणि मधल्या ठिपक्यांवर ब्लेडच्या दोन पात्यांची उभी फट ठेवा. प्रतिमेतले उभे धागे नाहीसे होतात, आडवे राहतात. फट आडवी केली की उलटं. हे ॲबे-पोर्टर प्रयोग म्हणून जुन्या पुस्तकांत आहे. एवढं हाताने केलं की ‘वारंवारता गाळणे’ म्हणजे काय ते कळतं. सूत्र नंतर वाचलं तरी चालतं.

आरसे जुळवणीची रीतही याच आठवड्यात बसवा. दोन आरसे, दोन आयरिस (लहान-मोठं करता येणारं गोल छिद्र). पहिल्या आरशाने जवळची आयरिस जुळवायची, दुसऱ्याने लांबची, आणि आळीपाळीने फिरत राहायचं. दोन्ही आरसे एकदम हलवणाऱ्याला ती कधीच जुळत नाही.

टिळकवाडी_फोटॉन

लेसरसाठी बाजारात मिळणारे हिरवे पॉइंटर घेतले तर? स्वस्त पडतात आणि झगझगीत दिसतात.

प्रकाशवाट

नको. त्यातला हिरवा ५३२ नॅनोमीटर हा आतल्या ८०८च्या डायोडने १०६४चा लेसर चालवून, त्याची वारंवारता दुप्पट करून काढलेला असतो. स्वस्त पॉइंटरमध्ये इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बहुधा नसतोच, त्यामुळे ८०८ आणि १०६४ बाहेर पडतं, ते दिसत नाही, आणि पापणी मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रियाही होत नाही. ४०० ते १४०० नॅनोमीटरमधलं सगळं दृष्टिपटलापर्यंत पोचतं. लेबलवर ५ मिलिवॅट लिहिलेलं असतं, पण मोजलं की त्याच्या कितीतरी पट निघू शकतं.

पॉवर मीटरशिवाय लेसर चालू करायचा नाही. शिकण्यापुरता १ मिलिवॅटच्या आतला, वर्ग २चा घ्या. टेबलावर किरणाची उंची एकच ठरवा, ७५ किंवा १०० मिलिमीटर, आणि टेबल असं ठेवा की खुर्चीवर बसलेल्याच्या डोळ्यांच्या पातळीला किरण येणार नाही. अंगठी, घड्याळ, काचेच्या आणि सोन्याच्या बांगड्या आधी काढायच्या. किरणात हात गेला की परावर्तन कुठे जाईल सांगता येत नाही. गॉगल तरंगलांबी आणि ओडी (त्या तरंगलांबीचा प्रकाश किती अडवतो तो आकडा) बघूनच घ्या. ५३२चा गॉगल ८०८ला आरपार असू शकतो.

ऊसरस

आपल्या भागातला प्रश्न म्हणाल तर साखर कारखान्याची प्रयोगशाळा हाच सगळ्यात तयार अभ्यासक्रम आहे. बेळगाव जिल्ह्यात कारखाने भरपूर, आणि ब्रिक्स (रसात विरघळलेल्या पदार्थांचं माप) व पोल (ध्रुवित प्रकाश किती वळतो त्यावरून काढलेला साखरेचा आकडा) ही दोन्ही मापं शुद्ध ऑप्टिकल आहेत. त्यांच्यावर उतारा ठरतो आणि उताऱ्यावर शेतकऱ्याचा दर, म्हणून हा प्रश्न मुलांनी मनापासून घ्यावा.

पोलारिमीटरचं माप असं: २६ ग्रॅम शुद्ध सुक्रोज, १०० मिलिलिटर द्रावण, २०० मिलिमीटरची नळी, २० अंश सेल्सिअस. याला सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात ३४.६ अंशांचं वळण मिळतं आणि आंतरराष्ट्रीय साखर मापात त्यालाच १०० म्हणतात. फिजिक्सच्या मुलाने दोन पोलरॉइड, ५८९चा फिल्टर आणि फोटोडायोड घेऊन हे उभं करावं. थेट पूर्ण अंधाराच्या बिंदूवर मोजू नये, तिथे तीव्रता कोनाप्रमाणे जवळपास बदलतच नाही. त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्याच तीव्रतेचे कोन शोधून मध्य काढावा.

अडचण पुढे येते. तोडून दोन-तीन दिवस पडलेल्या उसात सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. फ्रुक्टोज प्रकाश डावीकडे वळवतं, त्यामुळे पोल खऱ्या सुक्रोजपेक्षाही खाली दिसतो. त्याच शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक जीवाणू डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतात आणि त्याचं वळण सुक्रोजच्या सुमारे तिप्पट, उजवीकडे. म्हणजे पोल खोटा वरही जाऊ शकतो. उपकरण बिनचूक आहे, कोन बिनचूक आहे, आणि तरी साखरेचा आकडा चूक. हे फिजिक्सवाला एकटा सोडवू शकत नाही, तिथे बायोटेकवालाच लागतो.

रस गढूळ असतो म्हणून पूर्वापार लेड सबॲसिटेटने निवळतात. शिसं विषारी, गाळ टाकायचा कुठे हा प्रश्न राहतोच. ८८० नॅनोमीटरच्या आसपास मोजलं तर रसाचा तपकिरी रंग आड येत नाही आणि शिशाशिवाय काम होतं, पण त्या तरंगलांबीला वळण बरंच कमी असतं, म्हणून कोन जास्त बारीक मोजावा लागतो. हा व्यवहार मुलांना समोर मांडून दाखवा.

ब्रिक्सचं रिफ्रॅक्टोमीटर विरघळलेलं सगळंच मोजतं, फक्त साखर नाही. आणि २० अंशांवर लावलेलं उपकरण ३० अंशांच्या रसाला सुमारे पाऊण ब्रिक्स कमी दाखवतं. शेतात उन्हात हातातलं रिफ्रॅक्टोमीटर धरणाऱ्याने हे लक्षात ठेवलंच पाहिजे.

मलप्रभा

वैद्यकीय बाजूचं लिहिते. रुग्णाकडे जाण्याआधी सगळ्यांनी ‘फँटम’ (ऊतीसारखा प्रकाश विखुरणारा नकली नमुना) बनवलाच पाहिजे. ९५ मिलिलिटर पाणी, १ ग्रॅम अगार, उकळीच्या जवळ नेऊन पूर्ण विरघळवा, ६० अंशांपर्यंत निवू द्या, मग ५ मिलिलिटर २० टक्क्यांचं इंट्रालिपिड (शिरेतून देतात ते चरबीचं दुधी द्रावण) हळू ढवळत घाला. १ टक्का लिपिड झालं. लाल प्रकाशाला याचा विखुरण्याचा ‘रिड्यूस्ड’ गुणांक (प्रकाश मुख्यतः पुढेच विखुरतो हे धरून कमी केलेला) साधारण सेंटिमीटरला १० येतो, मऊ ऊतीच्या जवळपास. गरम असताना लिपिड घातलं तर ते फुटतं, फार थंड झाल्यावर घातलं तर गुठळ्या होतात. शोषणासाठी काळी शाई घालतात, पण दोन कंपन्यांच्या शाईत फार फरक असतो. प्रत्येक बाटली स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजूनच वापरायची. बुडबुडे काढा, फ्रीजमध्ये झाकून ठेवा आणि चार दिवसांत वापरून टाका, नाहीतर बुरशी येते, पाणी उडतं आणि गुणांक बदलतात.

दुसरा सामाईक प्रयोग बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर. ६६० आणि ९४० नॅनोमीटर, दोन्हींचा बदलता भाग भागिले स्थिर भाग, आणि त्या दोघांचं गुणोत्तर. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी इथे एक सापळा बघावा. खोलीतला ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. सिग्नल २५ हर्ट्झने (सेकंदाला २५ मापं) घेतला तर १०० हर्ट्झ बरोबर शून्यावर येऊन बसतो आणि दिसतच नाही. पण विजेची वारंवारता ५०ची ४९.९ झाली की तोच लुकलुकाट ०.२ हर्ट्झचा होऊन समोर येतो, म्हणजे मिनिटाला १२, अगदी श्वासासारखा. मुलं आनंदाने ‘श्वसनाचा दर मिळाला’ म्हणतात. बोट काढून मोजा. श्वास तरीही चालू असेल तर तो ट्यूबलाइटचा. उपाय: प्रत्येक मापाच्या लगेच आधी एलईडी बंद ठेवून एक माप घ्या आणि वजा करा, सॅम्पलिंग वाढवा, आणि एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) आधी फिल्टर लावा.

गुणोत्तरावरून ऑक्सिजनचा टक्का हे नातं प्रत्यक्ष माणसांवर मोजूनच बसवलेलं असतं, कारण विखुरण्यामुळे साधा बीअर-लँबर्ट नियम (पदार्थ किती आहे त्यावरून प्रकाशाचं शोषण काढायचा) तिथे पुरत नाही. मग ज्या माणसांवर बसवलं त्यांचा त्वचारंग आकड्यात शिरतो. २०२० साली अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून हे ठळकपणे पुढे आलं: कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन खरोखर घसरलेला असूनही उपकरणाने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट होतं. आपल्याकडे उन्हात ऊस तोडणाऱ्या माणसाच्या बोटावर हेच उपकरण लागतं. वर्गात स्वतःचा श्वास रोखून ऑक्सिजन खाली आणण्याचे प्रयोग मात्र करू देऊ नका.

विदावाचक

आकडेमोडीच्या टप्प्यावर सगळ्यात मोठी फसगत इथे होते: ४० रुग्ण, प्रत्येकाच्या २५ प्रतिमा, ‘एकूण १००० प्रतिमा’ म्हणायचं आणि त्या विस्कटून ८०० शिकायला, २०० तपासायला. एकाच रुग्णाच्या प्रतिमा दोन्हीकडे जातात, मॉडेल रुग्ण ओळखतं आणि अचूकता ९८ टक्के दिसते. वाटणी रुग्णांची करायची, प्रतिमांची नाही. तुमच्याकडे ४० आहेत, १००० नाहीत.

आजारी लोकांच्या प्रतिमा एका कॅमेऱ्यावर आणि निरोगी लोकांच्या दुसऱ्यावर घेतल्या असतील तरी हेच होतं, मॉडेल कॅमेरा ओळखतं. म्हणून वर प्रकाशवाट यांनी सांगितलेली काळी पातळी, गेन, फ्लॅट-फील्ड ही प्रत्येक फाइलसोबत गेली पाहिजे.

नवं उपकरण जुन्याशी ताडताना सहसंबंध गुणांक देऊन थांबू नका. दोन उपकरणांत कायम ५ एककांचा फरक असला तरी तो ०.९९ येतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली मांडलेली रीत वापरा: आडवी दोन्हींची सरासरी, उभा फरक.

आणि डॉक्टर मुलांनी हे गणित फळ्यावर करून दाखवावं: १००० माणसं, २ टक्के आजारी, चाचणीची संवेदनशीलता ९० आणि विशिष्टता ९०. २० आजाऱ्यांपैकी १८ सापडतात, ९८० निरोगींपैकी ९८ जणांनाही ‘आजारी’ म्हटलं जातं. ११६पैकी १८ खरे. गावोगावच्या शिबिरात न्यायचं उपकरण असेल तर हा आकडा पहिल्या आठवड्यातच समोर हवा, सेन्सर निवडण्याआधी.

ओतशाळा

आमच्याकडचाही एक प्रश्न घ्या की. ओतकामात धातूचं तापमान पायरोमीटरने (न शिवता, धातूतून येणाऱ्या प्रकाशावरून) बघतात. समजा १४३० अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण १७०० केल्विन. उत्सर्जकता (आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या मानाने किती प्रकाश सोडतो ते प्रमाण) १० टक्क्यांनी चुकीची धरली, तर १ मायक्रॉनला मोजणाऱ्या पायरोमीटरची चूक साधारण २० अंश. तीच चूक १० मायक्रॉनवाल्या उपकरणात ११५ अंशांच्या घरात जाते. तेव्हा ‘लांब तरंगलांबीच इन्फ्रारेडसाठी चांगली’ हे इथे उलटं पडतं. वितळलेल्या धातूचा स्वच्छ रस आणि वरचा मळीचा (स्लॅगचा) पापुद्रा यांची उत्सर्जकता वेगळी, त्यामुळे नेम पापुद्र्यावर गेला की आकडा उडी मारतो. दोन रंगांचा पायरोमीटर धुरातून चालतो, कारण धूर दोन्ही रंग सारखेच कमी करतो. पण लोखंडाची उत्सर्जकता दोन्ही तरंगलांब्यांना सारखी नसते, तेवढी चूक उरतेच.

वर्गात वितळलेला धातू नको. ७० अंशांच्या हॉटप्लेटवर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा, अर्ध्यावर काळी इन्सुलेशन टेप. ८ ते १४ मायक्रॉनचा साधा इन्फ्रारेड थर्मामीटर टेपवर जवळजवळ बरोबर दाखवतो आणि उघड्या पत्र्यावर खोलीच्या तापमानाजवळ काहीतरी. पत्र्यावर हात धरला की आकडा बदलतो, म्हणजे तो तुमचाच हात बघतोय.

खानापूरचा_पाऊस

पावसाळ्याचं कुणी लिहिलंच नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, त्यातून खानापूरच्या बाजूला, भिंगांना बुरशी धरते. एकदा धागे कोटिंगमध्ये शिरले की पुसूनही डाग राहतो. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की तिचं काम सुरू. भिंगं हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल आणि प्रत्येक डब्यात छोटा आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. चामड्याच्या किंवा लाकडाच्या पेटीत, कापसात गुंडाळून कधीच नको. तेच बुरशीचं खाद्य. निळं जेल गुलाबी झालं की १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, मात्र त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

पुसण्याचं: आधी ब्लोअर, मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, आणि टिश्यू एकाच दिशेने सावकाश ओढायचा, घासायचा नाही. ग्रेटिंग आणि उघड्या धातूच्या आरशाला टिश्यूने स्पर्शही करायचा नाही, फक्त हवा. ॲसिटोन प्लास्टिकच्या भिंगांना आणि चिकटवलेल्या जोडभिंगांना घातक.

चिकोडीकर_एमएस्सी

प्रवेशाचं विचारतो. यातच पुढे जायचं तर दारं कुठली?

विदावाचक

थोडक्यात. गेट या प्रवेशपरीक्षेच्या इन्स्ट्रुमेंटेशन पेपरात ऑप्टिकल इन्स्ट्रुमेंटेशनचा भाग आहे: एलईडी, लेसर, फोटोडायोड, इंटरफेरोमीटर, फायबर सेन्सिंग. बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर २०२० पासून आहे. बंगळूरच्या आयआयएससीत इन्स्ट्रुमेंटेशन अँड अप्लाइड फिजिक्स विभाग, मणिपालला ॲटॉमिक अँड मॉलिक्युलर फिजिक्स, कोचीनच्या विद्यापीठात फोटोनिक्सची स्वतंत्र संस्था. संशोधन प्रयोगशाळांत चंदीगडची सीएसआयओ (वैज्ञानिक उपकरणांची) आणि डेहराडूनची आयआरडीई (संरक्षण खात्याची, उपकरणांची). धारवाडचं आयआयटी तासा-दीड तासावर, २०१६ पासून सुरू आहे. तिथल्या प्राध्यापकांची कामं वाचून थेट पत्र लिहा. सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पत्रात ‘मला ऑप्टिक्सची आवड आहे’ यापेक्षा स्वतः काढलेला एक गेनचा आलेख ± सह जोडा.

मार्कंडेयकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. यावरून असं बसवतोय. आठवडे १ ते ४: लेसर सुरक्षा, आरसे जुळवणी, जाळीचा प्रयोग, कॅमेऱ्याचा गेन. ५ ते ७: फँटम आणि पल्स ऑक्सिमीटर, सगळ्या गटांनी. ८ ते १४: प्रकल्प, दोन गट ऊस, एक पायरोमीटर, एक त्वचा. १० व्या आठवड्यात गटांनी वह्या बदलायच्या आणि दुसऱ्या गटाने फक्त वहीवरून तोच आकडा काढून दाखवायचा. नाही निघाला तर गुण वही लिहिणाऱ्यांचे जातील. १५ आणि १६ तोंडी परीक्षा, फिजिक्सवाल्याला जीवाणूंबद्दल आणि डॉक्टरला गेनबद्दल विचारायचं.

मलप्रभाताई, त्वचेच्या गटाला नैतिक समितीकडे कधी जावं लागेल? आणि संमतिपत्र कुठल्या भाषेत?

मलप्रभा

पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका, ८ व्या आठवड्यात सुरुवात करायची असेल तर. वर्गातल्या मुलांनी एकमेकांवर मोजायचं असलं तरी विचारून घ्या. विद्यार्थी शिक्षकाला ‘नको’ म्हणू शकत नाही, म्हणून २०१७च्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांची वेगळी काळजी घ्यायला सांगितलं आहे. अर्जात प्रकाशाची तीव्रता चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट, किती वेळ, आणि त्वचा व डोळ्यांच्या सुरक्षित मर्यादेच्या कितवा भाग, हे मोजून लिहा. हा आकडा फिजिक्सवाल्याने काढायचा, डॉक्टरने अंदाजाने नाही.

भाषा कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजी, चारही. माहितीपत्रक एकाने भाषांतरित करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत आणायचं, आणि दोन्ही ताडायची. ‘निअर-इन्फ्रारेड’ ऐकून माणसं एक्स-रे समजतात, तेव्हा ‘डोळ्याला न दिसणारा, टीव्हीच्या रिमोटसारखा प्रकाश’ असं लिहा. वाचता न येणाऱ्यासाठी गटाबाहेरचा साक्षीदार हवा, अंगठ्याशेजारी त्याची सही. नाव आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी प्रतिमांच्या संगणकावर ठेवायची नाही. आणि चारही भाषांतली पत्रकं एकाच अर्जात द्या. नंतर उर्दूचं राहिलं म्हणून जोडायला गेलात तर ती दुरुस्ती धरतात, तिला पुन्हा मंजुरी घ्यावी लागते, आणि ती येईपर्यंत त्या भाषेतल्या एकाही माणसावर मोजता येत नाही.